सेटिंगमध्ये फुल एचडी, काचेमागे निम्मंच

गेल्या जूनमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी एक जुना लॅपटॉप घेतला. रिफर्बिश्ड (म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला), चौदा इंची, किंमत २३ हजार रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण मी काही नवखा गिऱ्हाईक नव्हतो. सांगलीत सत्तावीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकुराची मांडणी करतोय. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल. ‘फुल एचडीच पाहिजे’, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेलाच पडदा, हे मी दुकानात शिरताच सांगितलं होतं.

दुकानातल्या पोराने माझ्यासमोर डिस्प्लेची सेटिंग उघडली. १९२० बाय १०८०. ‘‘हे बघा काका, तुमच्या डोळ्यांनी बघा.’’ मग ब्राइटनेस पूर्ण वाढवून डोंगर-फुलांचा एक व्हिडिओ लावला. रंग नुसते उसळत होते. मी पैसे मोजले. बिलावर ‘जुना लॅपटॉप, रायझन, ८/२५६’ एवढंच, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि साठवण. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्याच्या ठिपक्यांचा आकडा, लिहून घ्यायचं मला सुचलं नाही, आणि ते सुचणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

घरी आल्यावर अक्षरं धूसर दिसायला लागली. ‘द्ध’च्या पोटातली जागा भरून यायची, रफार कुठल्या अक्षरावर आहे ते कळायचं नाही. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरांकडे जाऊन आलो. नंबर तोच. मग वाटलं वय झालं.

श्रावण संपता संपता एका लग्नाची पत्रिका आली. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांचा. माझ्याकडून ३१ टाइप झालं. नेहमी असली चूक मी प्रूफ वाचताना पकडतो, पण पूर्ण पान पडद्यावर बसवून बघितलं की या लॅपटॉपवर १ आणि ९ सारखेच दिसत होते. एक वाकडी शेपटी, वर एक ठिपका. मुलीच्या वडिलांनी माझ्या शेजारी बसून त्याच पडद्यावर वाचून ‘ओके’ म्हटलं. चारशे पत्रिका छापून आल्या आणि त्यांच्या आईंनी पहिल्याच पत्रिकेवर बोट ठेवलं. कागद, छपाई सगळं माझ्या अंगावर.

भाचा आला तेव्हा त्याने विंडोज नव्याने टाकलं. पुन्हा सुरू केलं तर रिझोल्यूशनच्या यादीत सगळ्यात वरचा आकडा १३६६ बाय ७६८. १९२० गायब! दुकानात फोन केला तर म्हणे विंडोजचा प्रॉब्लेम आहे.

प्रॉब्लेम विंडोजचा नव्हता. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक सोय असते. रायझन बनवणारे एएमडीवाले तिला व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन म्हणतात. ती चालू केली की संगणक चित्र १९२० बाय १०८० चं बनवतो आणि पडद्यावर टाकताना आवळून खऱ्या ठिपक्यांत बसवतो. सोय चांगल्या कामासाठी आहे, गेम खेळणारे वापरतात. पण १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके आणि फुल एचडी म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार. निम्म्या जागेत दुप्पट माल कोंबल्यावर अनुस्वाराला जागा कुठून राहणार? व्हिडिओत हे कळत नाही, पानं-फुलं थोडी मऊ झाली तरी छानच दिसतात. कळतं ते बारीक मजकुरात. मी सत्तावीस वर्षं मजकुरावर पोट भरणारा माणूस, आणि दुकानात व्हिडिओ बघत बसलो.

इथल्या मेकॅनिकने पडद्याची चौकट उघडून पॅनेलच्या पाठीवरचं लेबल वाचलं. एयूओ या तैवानी कंपनीचा, नंबराची सुरुवात बी१४०एक्सटीएन. तो म्हणाला, १४० म्हणजे चौदा इंच, एक्स म्हणजे १३६६ वाला, टीएन म्हणजे स्वस्त जातीचा पडदा. फुल एचडी असता तर एक्सच्या जागी एच असता, आणि चांगल्या आयपीएस-जातीचा असता तर एचएएन. हेच मॉडेल नवं असताना दोन्ही पडद्यांत विकलं जायचं. म्हणून मी नेटवर मॉडेलचं नाव टाकून ‘फुल एचडी’ वाचलं होतं तेही खोटं नव्हतं, फक्त माझ्या हातातल्या नगाचं नव्हतं.

टीएनची खूण तर मला दुकानातच दिसायला हवी होती. झाकण पाच-सहा बोटं मागे-पुढे करा. वरून बघताना रंग विटतात, खालून बघताना काळवंडतात. पत्रिकेचा कुंकवाचा लाल मी कुठल्या कोनात ठरवायचा?

आता कुणासाठी लॅपटॉप बघायला गेलो की मी सेटिंगमधला पहिला आकडा बघतच नाही. विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं की दोन ओळी येतात, डेस्कटॉप मोड (संगणक बनवतो ते चित्र) आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड (पडद्याला प्रत्यक्ष जातं ते). माझ्या लॅपटॉपवर ती सोय पुन्हा चालू करून बघितली तर वरच्या ओळीत १९२०, खालच्या ओळीत १३६६. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. शिवाय स्केल (अक्षरं मोठी करून दाखवायची सेटिंग) शंभर टक्के करून नोटपॅडमध्ये बारीक मराठी लिहितो: ‘३१ ३९ सिद्धी पूर्वार्ध’. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर असतो, तो बहुतेक वेळा पॅनेलचा नंबरच दाखवतो. आणि बिलावर रिझोल्यूशन आकड्यात लिहून घेतो. लिहायला कां-कूं केली की निघतो.

हे सगळं कळल्यावर पुन्हा फोन केला तेव्हा दुकानदार आधी म्हणाला, ‘‘काका, तुम्हीच बघून घेतला ना? डिस्प्लेला वॉरंटी नसते.’’ मग साडेचार हजारात फुल एचडी पडदा बसवून देतो म्हणाला. म्हणजे पडदा खोटा होता हे त्यानेच कबूल केलं की! तो कॉल रेकॉर्ड झालाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर परवा त्याचा सूर बदलला: तक्रार मागे घ्या, सहा हजार परत देतो. मी पूर्ण तेवीस मागितलेत. पत्रिकांचा खर्च वेगळा.