जळगावातला काकूंचा डबा: संधिवातात सहा महिने खाल्ला, त्याचा अनुभव
मला 4 वर्षांपासून रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते तो. युरिक ॲसिडवाला नाही, वयाचाही नाही, पण हे कोणाला पटत नाही, कोणी म्हणतं उडीद वातूळ, बंद कर, कोणी म्हणतं वांगं टमाटा बंद. खान्देशात राहून वांगं बंद... दोन हिवाळे मी भरीत पार्टीला गेलेच नाही.

मधे एक डाएट पॅकेज पण घेतलं होतं, नाव नाही घेत, 3 महिन्यांचे 9 हजार, आणि त्यांनी गोळ्याच बंद करा सांगितलं. मी केल्या. पाचव्या आठवड्यात दोन्ही मनगटं अशी सुजली की मुलीची वेणी घालता येईना. कृपा करून असं करू नका कोणी.

आता गणेश कॉलनीतल्या एका काकूंचा डबा लावलाय. मूळच्या अमळनेरकडच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, डॉक्टरने काय बंद सांगितलंय? मी म्हटलं तळलेलं, मैदा, साखर कमी आणि वजन सांभाळा एवढंच, बाकी सगळं लोकांनी बंद केलंय. तर म्हणाल्या, "मंग जेवी ले व माय."

कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथी नाहीतर पालक घातलेली मुगाची डाळ, एक भाजी बेताच्या तेलाची, काकडी आणि रोज जवसाची चटणी. चटणीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण जवस आख्खा खाल्ला तर बराचसा तसाच निघून जातो आणि कुटून ठेवला की लवकर खवट होतो, म्हणून काकू दर 4 दिवसांनी थोडाच भाजून खलबत्त्यात लसणासोबत कुटतात. डबा उघडला की आधी तोच वास येतो. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसात ओमेगा-3 दीड ग्रॅमच्या आसपास असतं, मासळीतल्याइतकं ते अंगी लागत नाही, पण मी शाकाहारी, मला हेच बरं.

डिसेंबरात भरीत आलं, लाकडाच्या बडगीत ठेचलेलं, कांद्याची पात घातलेलं. थोडंच खाल्लं आणि चार दिवस बोटांची सूज वहीत लिहून ठेवली. काहीच फरक नाही. मग पोटभर खाल्लं. कोणाला त्रास होत असेलही, पण आपलं आपण तपासून बघावं, लोकांच्या सांगण्यावरून नको.

सीआरपी (अंगातली सूज किती ते सांगणारी रक्ताची तपासणी) 18 वरून 6 वर आलाय, पण त्याच काळात डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्झेट या संधिवातावरच्या औषधाचा डोस वाढवला होता, त्यामुळे ते श्रेय मी डब्याला देणार नाही. वजन 5 किलो उतरलं ते मात्र डब्यामुळेच, गुडघ्यांना ते लगेच कळतं.

महिन्याचे 2600 घेतात, रविवारी बंद. गुरुवारची भाजी जरा पातळ असते आणि उन्हाळ्यात ताक पोचेपर्यंत आंबट होतं, ते मी सांगितलंय त्यांना.

सुरुवातीला क्लिपवाला स्टीलचा डबा यायचा. बोटं आखडलेली असली की ती क्लिप निघायची नाही, शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागायची. एकदा डबा परत देताना सहज बोलले, दुसऱ्या दिवसापासून सैल झाकणाचा हलका डबा, वर फडक्याची सैल गाठ, नुसती ओढली की सुटते. तुम्ही लावणार असाल तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, तोच डबा मागा.