रुईच्या धुळीत चालणारा राउटर: मायक्रोटिक हेक्सविषयी

पांढरकवडा परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी नेटवर्कची जबाबदारी सांभाळतो. जिनिंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर यंत्रे आणि रुईचे ढीग येतात; परंतु दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊ लागली की सगळा व्यवहार शेवटी एका कागदी पावतीवर येऊन थांबतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस उतरतो, रिकामी गाडी पुन्हा तोलली जाते, दोन वजनांतील फरक काट्याच्या खोलीतून कार्यालयातील संगणकात उतरतो आणि त्यानंतरच शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. या दोन खोल्यांच्या मधले एखादे यंत्र बंद पडले, तर पहाटे घरून निघालेला माणूस डिसेंबरच्या थंडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशेजारी शेकोटी पेटवून बसून राहतो, आणि त्याच्या मागच्या सगळ्या गाड्याही अडकतात. त्या माणसाला समोर ठेवूनच मी हे परीक्षण लिहीत आहे.

यंत्र आहे मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर, मॉडेल आरबी७५०जीआर३. कंपनी लाटव्हिया देशातील रीगा शहराची असून १९९६ साली सुरू झालेली आहे. तळहातावर मावणाऱ्या या डबीत पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १६ एमबी अंतर्गत साठवण, एक यूएसबी पोर्ट आणि मायक्रोएसडी कार्डाची खाच एवढेच आहे. वाय-फाय यात नाही, आणि माझ्या मते ते नसणेच बरे. राउटर कपाटात सुरक्षित ठेवावा आणि वाय-फायचे यंत्र जिथे माणसे बसतात तिथे लावावे, ही विभागणी आमच्यासारख्या पसरलेल्या आवारात अधिक सोयीची पडते. आमच्याकडे हा राउटर तीन हंगामांपासून चालू आहे.

त्याची सर्वांत मोलाची गोष्ट वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते: ८ ते ३० व्होल्ट डीसी. सोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो, परंतु या मर्यादेत बसणारा कोणताही स्थिर डीसी पुरवठा त्याला चालतो. शहरातील वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. ज्या भागात लाईन दिवसातून चार वेळा जाते, आल्यावर दिवे आधी भगभगीत आणि मग मंद होतात, तिथे मात्र या एका ओळीने सगळे गणित बदलते. पूर्वी आमचा राउटर इन्व्हर्टरवर होता, म्हणजे बॅटरीतील डीसी वीज इन्व्हर्टरने २३० व्होल्ट एसीमध्ये बदलायची आणि लगेच अडॅप्टरने तिची पुन्हा डीसी करायची, असा उलटसुलट प्रवास प्रत्येक क्षणी चालत असे, त्यात वीज वाया जात असे, आणि इन्व्हर्टरने भार घेताना एखाद्या वेळी उशीर केला की राउटर नव्याने सुरू होऊन दोन मिनिटे खात असे. आता राउटर थेट १२ व्होल्टच्या बंदिस्त बॅटरीवर आहे. बॅटरीला चार्जर कायम जोडलेला असतो, तो तिला १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो, आणि लाईन गेली तरी राउटरला त्याचा पत्ताच लागत नाही.

हिशेब सांगतो, कारण दुकानदार तो सांगत नाहीत. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात. हेक्स स्वतः जास्तीत जास्त ५ वॅट घेतो. शेजारचा फायबरचा मोडेम धरून १० ते १२ वॅट लागतात असे माना. कागदावर सात तास होतात, पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करत राहिल्यास लवकर मरते, त्यामुळे निम्मीच वापरायची असे ठरवून साडेतीन तासांचा भरवसा धरावा. त्याहून जास्त वेळ लाईन जात असेल तर मोठी बॅटरी घ्यावी. मोडेम जोडण्यापूर्वी त्याच्यावरील चिठ्ठी वाचावी, कारण १२ व्होल्ट लिहिलेले प्रत्येक यंत्र हेक्सइतके सहनशील असेलच असे नाही, आणि बॅटरीच्या तारेत फ्यूज घालण्याचा कंटाळा करू नये. आणखी एक बारकावा असा की या राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी वेगळी बॅटरी नसते. वीज पूर्ण तुटली तर तो वेळ विसरतो आणि स्मृतीतील नोंदीही जातात. म्हणून इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय आधीच चालू करून ठेवावी आणि नोंदी मायक्रोएसडी कार्डावर किंवा दुसऱ्या संगणकावर पाठवाव्यात. पावती अमुक वाजता का निघाली नाही, असा प्रश्न मालक आठ दिवसांनी विचारतात, तेव्हा उत्तर त्या नोंदींतच सापडते.

आता धुळीविषयी. जिनिंगमध्ये रुईचे बारीक तंतू हवेत सतत तरंगत असतात आणि पंखा असलेल्या प्रत्येक यंत्रात ते नमद्यासारखे साचतात. संगणकांचे पंखे मी हंगामात दर पंधरा दिवसांनी उघडून साफ करतो. हेक्समध्ये पंखाच नाही. वरून कापडाने पुसले की काम झाले. उन्हाळ्यातही, बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, पत्र्याच्या छताखालील कपाटात तो चालू राहिला आहे. कपाटाच्या मागच्या बाजूला जाळी बसवून हवा खेळती ठेवली होती, हे मात्र सांगायला हवे.

इंटरनेट तुटले की काट्याची पावती थांबत नाही, कारण ती आवारातच तयार होते. थांबतात ती शेतकऱ्यांच्या खात्यावर पैसे पाठवण्याची कामे आणि गाठी भरून उभ्या असलेल्या ट्रकचे ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा परवाना-कागद. म्हणून आमच्याकडे दोन मार्ग आहेत, एक फायबरचा आणि दुसरा सिमवर चालणाऱ्या फोर-जी राउटरचा. हेक्समध्ये प्रत्येक मार्गाला क्रम देता येतो. पहिला बंद पडला की दुसरा आपोआप सुरू होतो. दर १० सेकंदांनी पुढच्या यंत्राला हाक मारून तो जिवंत आहे का, हे पाहण्याची सोयही त्यात आहे, आणि सलग दोन हाकांना उत्तर आले नाही तर तो मार्ग बाद धरला जातो.

नवखा माणूस नेमका इथे चुकतो, तसा मीही पहिल्या हंगामात चुकलो. हाक मारली जाते ती आपल्याच खोलीतील मोडेमला, आणि बाहेर रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली असली तरी खोलीतील मोडेम बिचारा ‘हो’ म्हणत राहतो. राउटरला वाटते सगळे ठीक आहे, आणि दिवाणजी मला फोन करतात: ‘भाऊ, पैसे जाऊन नाही राह्यले.’ उपाय असा की हाक दूरच्या पत्त्याला मारावी. मी फायबरच्या मार्गाने गुगलचा ८.८.८.८ हा पत्ता गाठण्याचा एक मार्ग लिहिला आणि मुख्य मार्ग त्या पत्त्यावर अवलंबून ठेवला, त्यामुळे तार कुठेही तुटली तरी अर्ध्या मिनिटाच्या आत सिमचा मार्ग चालू होतो. बदल होताना बाहेरच्या जगाला आपला पत्ता बदललेला दिसतो, त्यामुळे बँकेच्या पानावर पुन्हा लॉगिन करावे लागते. याला कोणत्याही साध्या राउटरकडे इलाज नाही, आणि दिवाणजींना ते आधी समजावून ठेवले की त्यांची घाबरगुंडी होत नाही.

सिमचा मार्ग चालू असताना डेटा जपावा लागतो. गाडीवाले आमच्या वाय-फायवर व्हिडिओ पाहतात, आणि रात्रभर रांगेत बसणाऱ्या माणसाला तेवढे मिळायलाच हवे, असे माझे मत आहे. त्यांना बंद करण्याऐवजी मी त्यांच्या वाटणीची मर्यादा ठरवली. हेक्समध्ये हे काम काही ओळींत होते, परंतु मूळ फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती वाहतूक सोडायची आणि कोणती अडवायची हे ठरवणाऱ्या नियमांत, फास्टट्रॅक नावाचा जो नियम असतो तो वाहतुकीला झटपट पुढे ढकलताना या मर्यादांना वळसा घालून नेतो, त्यामुळे ज्या वाहतुकीला मर्यादा लावायची ती त्या नियमातून वगळावी लागते. एवढे केल्यावर प्रोसेसरवर भार वाढतो, पण १०० एमबीपीएसच्या आमच्या जोडणीपुरता तो भार हेक्सला सहज पेलतो. काट्यावरचे कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच यंत्रांवर आखलेल्या वेगळ्या जाळ्यात, ठेवले आहेत. कॅमेऱ्यात कोणी शिरले तरी हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचू नये, एवढाच हेतू.

एका गोष्टीचे श्रेय राउटरला देता येणार नाही, पण ती सांगितल्याशिवाय आमची व्यवस्था समजणार नाही. काट्याची खोली कार्यालयापासून साठ-सत्तर मीटर दूर आहे, म्हणजे तांब्याच्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत. तिथे पूर्वी तांब्याचीच केबल होती. एका जूनमध्ये काट्याजवळच्या कडुनिंबावर वीज पडली आणि केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जळाली. आता तिथे फायबर आहे, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी, लावून. काचेतून वीज वाहत नाही. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाशी ज्या प्रकारच्या विजा पडतात, ते पाहता दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि हेक्स घेणाऱ्याला तर आवर्जून सांगतो.

सॉफ्टवेअरचे नाव राउटरओएस. वार्षिक शुल्क नाही. परवाना यंत्रासोबत येतो आणि अद्ययावत आवृत्त्या मोफत मिळतात. ते शिकायला अवघड आहे, हे मी लपवणार नाही. विनबॉक्स हा त्याचा प्रोग्राम उघडला की डाव्या बाजूला एवढी नावे दिसतात की पहिले आठ दिवस माणूस हरवून जातो. तरी त्यात दोन सोयी अशा आहेत की ज्यांच्यामुळे मी रात्री झोपू शकतो. पहिली अशी की आयपी पत्ता चुकून पुसला गेला तरी त्याच केबलवरून मॅक पत्त्याने, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या कायमच्या क्रमांकाने, राउटरशी जोडता येते. दुसरी सोय म्हणजे सेफ मोड. मी गावात राहतो आणि हंगामात रात्री घरूनच, वायरगार्डच्या बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीतून, कारखान्याच्या राउटरमध्ये शिरतो. एकदा फायरवॉलचा एक नियम चुकीच्या जागी टाकला आणि माझाच संपर्क तुटला. सेफ मोड चालू होता, त्यामुळे संपर्क तुटल्याचे लक्षात येताच राउटरने काही मिनिटांत तो बदल स्वतःच मागे घेतला. ही सोय नसती तर रात्री साडेअकराला मोटारसायकल काढून कारखान्यात जावे लागले असते, आणि तोपर्यंत काटा बंद राहिला असता.

सुरक्षेबाबत हयगय चालत नाही. २०१८ साली विनबॉक्समधील एक त्रुटी उघड झाली. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्त आवृत्ती दिली होती, परंतु ज्यांनी ती टाकली नाही अशा जगभरातील दोन लाखांहून अधिक राउटरांचा त्या वर्षी चोरट्यांनी आभासी चलन कमावण्यासाठी वापर केला. म्हणून नवी आवृत्ती नियमित टाकावी, विनबॉक्सचा दरवाजा इंटरनेटच्या बाजूने बंद ठेवावा आणि पासवर्ड लांब ठेवावा. साठवण केवळ १६ एमबी असल्याने जास्तीची पॅकेजेस टाकण्याचा मोह मात्र टाळावा.

ज्या कार्यालयात एकच संगणक आणि एकच जोडणी आहे, तिथे याची गरज नाही. साधा घरगुती राउटर पुरेल. ज्यांच्याकडे शिकायला तयार असलेला एकही माणूस नाही, त्यांनीही घेऊ नये. मात्र जिनिंग, दालमिल, तालुक्याची पतसंस्था, आश्रमशाळा, जिथे लाईनचा भरवसा नाही आणि दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावाहून यायचा असतो, तिथे मी निःशंकपणे हाच सुचवीन.

यंदा दसऱ्याआधी मी मालकांकडून दुसरा हेक्स मंजूर करून घेतला. तो कपाटात डब्यातच ठेवला आहे, चालू राउटरची सर्व मांडणी त्यात आधीच भरून. भरताना .बॅकअप फाइल वापरली नाही, कारण ती त्याच यंत्रावर परत टाकण्यासाठी असते. दुसऱ्या यंत्रासाठी एक्स्पोर्टची फाइल, म्हणजे मांडणीच्या आज्ञांची लिखित यादी, काढावी लागते, आणि राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीत त्या फाइलमध्ये पासवर्ड आपोआप येत नाहीत, ते मी वहीत लिहून दिवाणजींच्या तिजोरीत ठेवले आहेत. काट्यावरच्या काकांनाही दाखवून ठेवले आहे: पाच केबली, पाच रंगांच्या चिकटपट्ट्या, त्याच रंगाच्या पोर्टमध्ये त्याच क्रमाने लावायच्या. मी गावाला गेलेलो असलो तरी त्यांना दहा मिनिटांत राउटर बदलता येतो. दोनदा सराव करून पाहिला आहे.