‘उचलून घेऊ की!’ : व्हीलचेअरवरून ताडोबाला सात महिन्यांत चार खेपा

जंगलातून परत आलो की नवरा वहीत वाघ किती दिसले ते लिहितो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी माझा आकडा लिहिते : या खेपेला मला किती वेळा उचललं. ऑक्टोबरात दोन रात्रींत अकरा वेळा. नोव्हेंबरात तीन रात्रींत सहा. फेब्रुवारीत शून्य. मे महिन्यात परत चार. अकरावरून शून्यावर कसे आलो हे सांगायचंच आहे, पण शून्यावरून चारवर का गेलो ते जास्त महत्त्वाचं आहे. एकदाच राहून आलेल्या माणसाच्या कौतुकात ते सापडणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार बसला. छातीच्या खाली मला काही कळत नाही, हात मात्र दणकट आहेत. राहते कोथरूडला. वनाजहून मेट्रोत बसून मी एकटी रामवाडीपर्यंत जाते; लिफ्टनं वर, फलाटावरून खुर्ची सरळ डब्यात, कुणाचा हात लागत नाही. पुण्यात हे जमतं तर जंगलात का नाही, एवढाच माझा हट्ट होता.

पहिली जागा मोहर्ली गेटच्या बाजूचीच. जाहिरातीत ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ असं लिहिलेलं. फोनवर पायऱ्यांचं विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, टेन्शन नका घेऊ, आपली पोरं आहेत ना, उचलून घेऊ की!” मीही खुळी, आपुलकी समजून पैसे भरले. खोलीला तीन पायऱ्या, प्रत्येक सात इंचांची. रॅम्पचा साधा हिशेब असा की एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. म्हणजे तिथे एकवीस फुटांचा रॅम्प हवा होता, आणि आमच्याकडे धायरीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला पाच फुटांचा घडीचा रॅम्प. बाथरूमचं दार बावीस इंच, माझी खुर्ची पंचवीस. नवरा दारात खुर्ची उभी करून मला प्लास्टिकच्या खुर्चीवर घ्यायचा आणि ती आत ओढायचा.

उचलणं म्हणजे काय ते उचलून घेणाऱ्याला माहीत नसतं. एक जण मागून काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली. कुडता वर सरकतो, आणि तो खाली ओढायला माझे हात मोकळे नसतात. पाठ कुठे घासली ते मला कळत नाही, रात्री आरशात बघावं लागतं. तिथली पोरं खरंच चांगली होती. एकानं तर मला हात लावण्याआधी आपले हात पँटला दोनदा पुसले. पण दिवसातून पाच-सहा वेळा परक्या पुरुषांच्या हातात जायचं असेल, तर बाई संध्याकाळच्या चहालाही ‘नको, खोलीतच बरं’ म्हणते. मी तेच म्हणत राहिले. पुणे-नागपूर रेल्वेतलं उचलणं मी आकड्यात धरतच नाही. थर्ड एसीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच, पण डब्याच्या बोळातून खुर्ची जात नाही. ते मोजायचं तर वहीच पुरायची नाही.

नोव्हेंबरात दुसरी जागा धरली, तीही मोहर्लीकडचीच. या खेपेला ‘सोय आहे का’ असं विचारलंच नाही. मापं मागितली : बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी, पलंगाची उंची, कमोडची उंची, आणि प्रत्येकाला टेप लावून काढलेला फोटो. मॅनेजर नवखा होता, पण त्यानं संध्याकाळपर्यंत सगळं पाठवलं. दार छत्तीस इंच, सरकतं, उंबरा नाही. कमोड अठरा इंच. माझ्या खुर्चीची बैठक एकोणीस, म्हणजे छान. पलंग मात्र सत्तावीस! ‘राजेशाही’ दिसावा म्हणून एकावर एक दोन गाद्या. “एक काढून ठेवतो ना,” तो म्हणाला, आणि ठेवली.

बाथरूमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण राहायची जागा तिथेच पास होते नाहीतर नापास. फरशी खरखरीत, ओली असली तरी चाक घसरत नाही. खुर्ची पूर्ण फिरवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, ते मिळतं. आधाराचा दांडा एकाच बाजूला, डाव्या. माझा उजवा खांदा जास्त चालतो, म्हणून मला उलटं बसावं लागतं. हँडशॉवरची नळी आखूड, आणि तो लटकवलेला उभ्या माणसाच्या डोक्यावर. बेसिनखाली सुंदर सागवानी कपाट, त्यामुळे गुडघे आत जात नाहीत आणि दात आडवं बसून घासायचे. आरसा इतका वर की तीन दिवस मला माझं फक्त कपाळ दिसलं. हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. फेब्रुवारीत गेलो तेव्हा नळी लांब झाली होती आणि दांडा दोन्हीकडे आला होता. कपाट जागच्या जागी. सुतारानं फार मेहनतीनं केलंय म्हणे.

नोव्हेंबरचे सहा म्हणजे जिप्सीत चढणं-उतरणं, तीन सफारींचं. जिप्सीच्या मागच्या बाकांना दारच नसतं, कडेच्या पायऱ्यांवर पाय देऊन वरून आत जायचं. म्हणजे मला थेट हवेतून. तिसऱ्या सफारीला ड्रायव्हरदादा म्हणाले, “ताई, तुम्ही समोर बसा ना. गाइड मागे बसन. समोरून बरोबर दिसते.” तेव्हापासून मी ड्रायव्हरशेजारी. पट्टा असतो, पाठीला टेक असते, आणि छातीखाली तोल नसलेल्या माणसाला मागच्या उंच बाकापेक्षा इथे धक्के कमी बसतात. तरी मी कापडी पट्ट्यानं छाती सीटला बांधूनच घेते.

निघताना मॅनेजरसोबत नवऱ्यानं जिप्सीला टेप लावली. पुढची सीट जमिनीपासून तेहतीस-चौतीस इंच. माझी खुर्ची एकोणीस. म्हणजे पंधरा इंचांचा ओटा बांधला, वर जायला रॅम्प केला आणि जिप्सी ओट्याला चिकटवून उभी केली, तर मी माझ्या पाटीवरून सरकत आत जाऊ शकते. पाटी म्हणजे अठरा मिलिमीटरचा प्लायवूड, वरून सनमायका, कडा गोल घासलेल्या. आमच्या सुतारानं चारशे रुपयांत दिली. बाजारात ‘ट्रान्सफर बोर्ड’ या नावाखाली तेच कितीतरी महाग मिळतं.

फेब्रुवारीत पोहोचलो तर पार्किंगच्या कडेला ओटा तयार! पहाटे पाचला, अंधारात, टॉर्चच्या उजेडात मी ओट्यावर गेले, पाटी टाकली, सरकले, बसले. ड्रायव्हरदादा फक्त दार धरून उभे. पळस पेटलेला होता, आणि तेलिया तलावाच्या रस्त्याला रानकुत्र्यांची टोळी दिसली. वाघही दिसला, पण नवऱ्याला विचारा, मी त्याच्याबद्दल फार बोलले नाही. ओट्याबद्दलच बोलत होते.

ओट्यात दोष आहेत. पंधरा इंचांना पंधरा फूट रॅम्प हवा, यांनी जागा वाचवायला नऊ फुटांत उरकला. वर जाताना मागून नवऱ्याचा जोर लागतो, एकटीनं जमत नाही. कठडा नव्हता, खुर्ची कडेवरून खाली जाऊ नये म्हणून साधी विटेची कडसुद्धा नव्हती. तेही लिहून दिलं.

त्याच खेपेतला एक प्रसंग मणक्याची इजा असलेल्यांसाठी मुद्दाम सांगते. थंडीत जिप्सीत सगळ्यांना ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात. फार प्रेमानं देतात, आणि मांडीवर ठेवतात. आपल्याला चटका कळत नाही. कळतं ते रात्री, फोड बघून. मी पिशवी स्वेटरच्या आत छातीपाशी धरते, जिथे मला समजतं, आणि पायांना नुसती ब्लँकेट. बसायला खुर्चीचं कुशन काढून जिप्सीच्या सीटवर घालायचं, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एकेका बाजूला झुकून बूड मोकळं करायचं. वाघ समोर असला तरी. चार तासांच्या सफारीत उतरायला मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी कॅथेटरनं मोकळं होऊन मी पाण्याचे घोट मोजूनच घेते. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतं. तो दिवस मुक्कामाच्या मधोमध येईल असं बघा. पाठीला सुट्टी मिळते.

आता मे. चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, आणि माझ्या शरीराच्या खालच्या भागाला घामच येत नाही, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. मानेवर ओला पंचा, हातात पाण्याची फवारणीची बाटली, आणि दुपारच्या फेरीला मी गेलेच नाही. हे माझं मला माहीत होतं, त्याचा दोष कुणाला नाही.

दोष दुसरा. नोव्हेंबरचा मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. नवा माणूस टापटिपीचा. कॉटेजपासून जेवणघरापर्यंतच्या वाटेवर त्यानं नवी पांढरी खडी पसरली होती, फोटोत छान दिसते म्हणून. माझ्या पुढच्या छोट्या चाकांना खडी म्हणजे वाळवंट. चाक रुततं आणि खुर्ची तोंडावर पडायला बघते. तिथे दोनदा खुर्चीसकट उचललं. ‘दिव्यांग कॉटेज’ सगळ्यात टोकाला, जनरेटरपाशी आहे हेही त्यात आलं. सर्वांत कमी चालू शकणाऱ्या पाहुण्याला सर्वांत लांबची खोली का देतात, हे कोडं मला पुण्यातल्या हॉटेलांतही सुटलेलं नाही. ओट्याच्या रॅम्पवर दोन्ही बाजूंना मोगऱ्याच्या कुंड्या, मध्ये उरलेली जागा खुर्चीहून कमी. पहाटे पाचला कुंड्या कोण हलवणार? माळी सातला येतो. “दोन मिनिटांचं काम, उचलून घेऊ की मॅडम!” तेच वाक्य, नव्या तोंडून. जिप्सीत चढताना एक, उतरताना एक.

राग मॅनेजरवर नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो ओटा कशासाठी आहे. त्याला वाटलं, सामान उतरवायला. आधीच्याच्या डोक्यात होतं ते त्याच्यासोबत गेलं. मी विचारलं, “माझे कागद कुठे आहेत?” ते कुणालाच माहीत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुलभतेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्यानं अगदी मनापासून विचारलं, “रिसॉर्टलापण?” मावशी मात्र, ज्या खोली आवरतात, त्यांनी न सांगता वरची गादी काढून ठेवली होती. त्यांना आधीच्या दोन्ही खेपा आठवत होत्या.

माझा मामेभाऊ नोकरीला जोहान्सबर्गला असतो. तो सांगतो, तिकडच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आपली साधी गाडी घेऊन डांबरी रस्त्यांवरून स्वतः फिरता येतं, आणि स्कुकुझा, लोअर साबी अशा मुक्कामांवर व्हीलचेअरच्या झोपड्या आहेत. म्हणजे चढायचा प्रश्नच नाही, आपली गाडी आणि आपली सीट. ऐकून हेवा वाटला. आपल्याकडे गेटातून बहुतेक जिप्सीच आत जाते, तर निदान एक-दोन जिप्सींची पुढची बाजू सरकत्या पाटीला जुळेल अशी करायला काय हरकत आहे?

किंमत लिहायची राहिली. रात्रीला साडेआठ हजार, दोघांचं जेवण धरून, सफारी वेगळी. कॉटेज इतरांच्याच दरात आहे, ‘स्पेशल’ म्हणून जास्त लावत नाहीत, हे त्यांच्या बाजूचं. मी परत जाईन का? जाईन. ज्यांचे हात कमजोर आहेत, किंवा सोबत खुर्ची ढकलणारं कुणी नाही, त्यांनी मात्र रॅम्प लांब होईपर्यंत थांबावं. आणि कुठेही फोन केलात आणि पलीकडून ‘उचलून घेऊ’ ऐकू आलं, तर तिथे पायऱ्या आहेत असं समजा.

या वेळी निघताना मी कागद दिला नाही. ओट्याच्या भिंतीवर रंगवून घ्या म्हणाले : ‘हा ओटा व्हीलचेअरसाठी आहे, मोकळा ठेवावा.’ रॅम्प पंधरा फूट, दोन्हीकडे कड, आणि वाटेवरची खडी काढून फरश्या. झालं की फोटो पाठवा, मग येत्या नोव्हेंबरचे पैसे भरते. मागच्या आठवड्यात फोटो आला. रॅम्प लांबला आहे, कड आहे, अक्षरंही रंगवली आहेत, लाल, ठळक. कुंड्या त्याच्या पुढ्यात ओळीनं मांडल्या आहेत.