पुढच्या साथीत मदतीचा पैसा कुठून? कर्ज, पेट्रोल, पीएफ की श्रीमंतांवर कर

संघटनेचं निवेदन लिहिताना आपण "रोख मदत द्या, धान्य द्या" इथपर्यंत लिहितो आणि खाली सह्या करतो, पण तो पैसा सरकारनं आणायचा कुठून ते कुणी लिहीत नाही, मग सरकार त्याला जिथून सोपं पडेल तिथून आणतं. कोरोनात हेच झालं. म्हणून कुठल्या मार्गाच्या मागं उभं राहायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे मांडतोय.

आधी कर्ज. २०२०-२१ मध्ये केंद्र बाजारातून ७.८ लाख कोटी उचलणार होतं, मे २०२० मध्ये तो आकडा १२ लाख कोटी केला, सरकारी तूट जीडीपीच्या ३.५ टक्के धरलेली ती ९ च्या वर गेली. ऐकून धडकी भरते, पण माझं स्पष्ट मत आहे की संकटात हाच सगळ्यात बरा मार्ग, कारण ज्याचं काम बंद पडलंय त्याच्या खिशात त्याच महिन्यात कुणी हात घालत नाही, फेड पुढं कितीतरी वर्षं चालते. फक्त कर्ज कुणाच्या नावावर ते बघा. ऑगस्ट २०२० मध्ये जीएसटी भरपाईची, म्हणजे जीएसटीमुळं राज्यांचं बुडालेलं उत्पन्न केंद्रानं भरून द्यायची, वेळ आली तेव्हा केंद्रानं आधी राज्यांनाच कर्ज काढायला सांगितलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारवर मार्चचा पगार टप्प्याटप्प्यानं द्यायची आणि विकासाचा खर्च ३३ टक्क्यांवर आणायची पाळी आलेली! शेवटी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं १.१० लाख कोटी स्वतः उचलून राज्यांना दिले, ते बरंच झालं, केंद्राला व्याज कमी पडतं. त्याच्या फेडीसाठी गाड्या, तंबाखू, कोल्ड्रिंकवरचा सेस जून २०२२ ला संपायचा तो मार्च २०२६ पर्यंत लांबवला.

आता पेट्रोल. यावर मी जरा जास्त लिहिणार कारण हे फार कमी लोकांच्या लक्षात आलं. जगात कच्चं तेल कोसळलं होतं, त्याचा फायदा आपल्याला मिळण्याऐवजी मार्च आणि मे २०२० मध्ये केंद्रानं पेट्रोलवर एकूण १३ आणि डिझेलवर १६ रुपये एक्साईज वाढवली. आणि मे महिन्यातली वाढ सेस आणि विशेष शुल्काच्या नावाखाली, आणि हे केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावं लागत नाही, म्हणजे त्यातलं राज्यांना काहीच मिळत नाही. आमच्या शेजारच्या मावशींच्या जनधन खात्यात तेव्हा महिन्याला ५०० असे ३ महिने आले. पहिले ५०० काढायला त्या २ दिवस बँकेसमोर खडूच्या गोलात उन्हात उभ्या, पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन म्हणून परत पाठवलं. त्यांचा मुलगा बाईकवर दूध टाकतो, रोज साधारण लिटरभर पेट्रोल. हिशेब करा, १३ रुपये गुणिले ३८ लिटर, म्हणजे सव्वा महिन्यात एका महिन्याचे ५०० परत सरकारकडे. मदत ३ महिने चालली, वाढवलेल्या एक्साईजमध्ये पहिली कपात नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, तीसुद्धा पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १०. हा मार्ग निवेदनात स्पष्ट नाकारा.

पीएफचं तसंच. मार्च २०२० मध्ये सवलत दिली की ३ महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, जे कमी असेल ते काढा. नड असलेल्या माणसानं काढलेच, त्यात त्याची चूक नाही, पण याला सरकारी मदत म्हणू नका, आपलेच म्हातारपणाचे पैसे आहेत हे. चिलीत तर जुलै २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये ३ वेळा १०-१० टक्के पेन्शन काढायला दिली आणि लाखो खाती रिकामी झाली.

अर्जेंटिनानं उलट केलं, डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून २० कोटी पेसोच्या वर मालमत्ता असणाऱ्या सुमारे १२ हजार लोकांवर एकदाच कर लावला. आपल्याकडं संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्येच काढून टाकला, आणि कोरोनाच्या ६ महिने आधी कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला. असा कर गोळा व्हायला वेळ जातो हे खरं, पहिल्या महिन्यातली भूक त्यानं भागत नाही, पण काढलेलं कर्ज फेडायला हाच पैसा योग्य वाटतो मला.

इंडोनेशियात मध्यवर्ती बँकेनं थेट सरकारचेच रोखे घेतले, म्हणजे एका अर्थानं नोटा छापूनच सरकारला पैसा दिला. महागाईचा बोभाटा झाला पण २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं ती २ टक्क्यांच्या आत राहिली. एखाद्या वर्षापुरतं चालेल, सवय लागली तर अवघड.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरात आहे. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर बघा, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागेंच्या रोजगार हमीला पैसा कमी पडू नये म्हणून १९७५ मध्ये हा लावला, आणि त्यात तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची असं ठरलं. शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराचा भार उचलतो, तोही आधीपासून, संकट आल्यावर धावाधाव नाही. अडचण एवढीच की साथीत माणसं खोदकामावर एकत्र आणता येत नाहीत, तिथं रोखच हवी. म्हणून आमच्या निवेदनात मी असं लिहितोय: संकटात कर्ज केंद्रानं काढावं, फेड संपत्ती करातून व्हावी, आणि व्यवसाय करासारखा, तिजोरीतून तेवढीच भर घातलेला एक रोख मदतीचा निधी आत्तापासून बाजूला पडावा.