वीस वर्षांच्या वाढीची तपासणी: शाश्वतता मूल्यमापन या सेवेचे परीक्षण

एखाद्या प्रदेशाचा पंधरा-वीस वर्षांचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा घरे किती बांधायची, उद्योगांना जागा कुठे द्यायची, रस्ते आणि लोहमार्ग कुठून न्यायचे, हे सारे त्यात ठरते. मात्र एवढी वाढ त्या प्रदेशातील पाणी, जमीन आणि हवा यांना पेलवेल का, आणि वाढीचा लाभ तिथल्या सर्व थरांतील माणसांपर्यंत पोहोचेल का, या प्रश्नांची उत्तरे केवळ आराखडा आखणाऱ्यांकडून घेतली, तर ती बहुधा आराखड्याला अनुकूल अशीच येतात. या अडचणीवर उपाय म्हणून शाश्वतता मूल्यमापन नावाची एक व्यावसायिक सेवा गेल्या दोन दशकांत इंग्लंडमध्ये रुळली, आणि तिचे पर्यावरणापुरते रूप युरोपभर वापरात आले. नियोजन संस्था सल्लागारांना शुल्क देऊन ही सेवा घेतात, काही संस्था ती स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून करवून घेतात, आणि अहवालावर नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात अशी अपेक्षा असते. ही सेवा घेणाऱ्याच्या हाती काय पडते, ते कितपत उपयोगी ठरते आणि सेवा कुठे तोकडी पडते, हे येथे तपासले आहे.

सेवेचा कायदेशीर पाया युरोपीय संघाच्या २००१/४२ या निर्देशात, म्हणजे सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या आदेशात आहे. सदस्य देशांना त्यानुसार आपापले कायदे २१ जुलै २००४ पर्यंत करायचे होते. जैवविविधता, लोकसंख्या, मानवी आरोग्य, माती, पाणी, हवा, हवामान, सांस्कृतिक वारसा आणि भूदृश्य अशा विषयांवर आराखड्याचे कोणते लक्षणीय परिणाम होतील, हे त्यानुसार अहवालात सांगावे लागते. इंग्लंडने २००४ च्या नियोजन कायद्याने प्रादेशिक आराखड्यांसाठी शाश्वतता मूल्यमापन बंधनकारक केले आणि तपासणीत सामाजिक व आर्थिक बाजूही आणल्या. ग्राहकाच्या हाती प्रथम व्याप्ती, म्हणजे काय काय तपासायचे ते ठरवणारा अहवाल येतो, मग मुख्य अहवाल, त्यासोबत सामान्य वाचकाला कळेल असा सारांश, आणि आराखडा मंजूर झाल्यावर या मूल्यमापनाची दखल कशी घेतली हे सांगणारे निवेदन. मुख्य अहवाल शेकडो पानांचा असणे नेहमीचेच आहे. सारांश नीट लिहिलेला नसेल, तर नागरिकाच्या दृष्टीने बाकीचा अहवाल असून नसल्यासारखा होतो.

या सगळ्यात मला फार मोलाचा वाटणारा भाग म्हणजे आराखडा राबवलाच नाही तर काय होईल, याचा अंदाज. निर्देशानुसार आजच्या स्थितीबरोबर तोही मांडावा लागतो. वरकरणी ही औपचारिकता वाटते, पण दीर्घकालीन आराखड्याच्या बाबतीत तिच्यावाचून तपासणीला अर्थच उरत नाही. वीस वर्षांत कोणताही प्रदेश एका जागी थांबलेला नसतो. आराखडा असो वा नसो, भूजलाची पातळी बदलत असते, शेतजमीन बांधकामाखाली जात असते, तापमान वाढत असते आणि माणसांची ये-जा चालू असते. भविष्यातील परिणामांची तुलना आजच्या स्थितीशी केली, तर आधीपासून चालू असलेल्या ऱ्हासाचे खापर आराखड्यावर फुटते, किंवा आपोआप होणाऱ्या सुधारणेचे श्रेय आराखड्याला मिळते. चांगला सल्लागार इथे प्रत्येक घटकाचा कल दाखवतो, आकडेवारी किती जुनी आहे ते सांगतो आणि माहितीतील उणिवाही नोंदवतो. घाईने काम उरकणारा सल्लागार उपलब्ध तक्ते एकामागून एक जोडत जातो, आणि त्यांतून आराखड्यासाठी काय निष्पन्न होते हे सांगायचे राहून जाते. असा अहवाल हाती आला की मी हाच भाग आधी वाचतो, कारण पुढच्या प्रत्येक विधानाचे वजन त्यावर अवलंबून असते.

दुसरा कसोटीचा भाग म्हणजे पर्यायांची तुलना. निर्देशाच्या पाचव्या कलमानुसार आराखड्याची उद्दिष्टे आणि भौगोलिक व्याप्ती लक्षात घेऊन वाजवी पर्याय ओळखावे लागतात, त्यांचे परिणाम तपासावे लागतात आणि ते का निवडले याची कारणे द्यावी लागतात. ही अट किती धारदार आहे, हे पूर्व इंग्लंडच्या प्रादेशिक आराखड्याच्या बाबतीत दिसले. मे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आराखड्यात २००१ ते २०२१ या काळात किमान ५,०८,००० नव्या घरांचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी हेमेल हेम्पस्टेड, वेल्विन गार्डन सिटी व हॅटफील्ड या शहरांभोवतीच्या हरितपट्ट्याची, म्हणजे बांधकामापासून राखून ठेवलेल्या मोकळ्या जमिनीची, फेरआखणी सुचवली होती. हर्टफर्डशायर आणि सेंट ऑल्बन्स येथील स्थानिक संस्था न्यायालयात गेल्या. मे २००९ मध्ये उच्च न्यायालयाने आराखड्यातील संबंधित भाग रद्द केले, कारण हरितपट्ट्यावर अतिक्रमण करणाऱ्या या वाढीला दुसरे कोणते पर्याय आहेत, याचे मूल्यमापन अहवालात झालेच नव्हते.

या निकालाचा धडा ग्राहकाने आणि सल्लागाराने दोघांनीही घ्यावा असा आहे. पर्याय म्हणून बहुतेकदा जे मांडले जाते, ते एकाच निर्णयाचे थोडे कमी आणि थोडे जास्त असे रूप असते: घरांची संख्या थोडी घटवून पाहिली, थोडी वाढवून पाहिली आणि मधली निवडली. खरा पर्याय वाढीच्या जागेचा, तिच्या स्वरूपाचा किंवा तिच्या वेगाचा असतो. विद्यमान शहरांची घनता वाढवणे, लोहमार्गाच्या कडेने वस्ती नेणे, संपूर्ण नवे नगर वसवणे, किंवा पाण्याची सोय होईपर्यंत वाढीचे टप्पे लांबवणे, हे पर्याय एकमेकांपासून मुळात वेगळे आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळ्या माणसांवर होतात. सल्लागाराला आराखड्याचा मसुदा तयार झाल्यावर बोलावले असेल, तर असे पर्याय तपासण्याची वेळ निघून गेलेली असते. मग अहवालाचे काम झालेल्या निर्णयाला कारणे पुरवण्यापुरते उरते, आणि त्यासाठी शुल्क मोजणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवेचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे गुणांकनाचा तक्ता. एका बाजूला शाश्वततेची उद्दिष्टे, दुसऱ्या बाजूला आराखड्यातील धोरणे, आणि प्रत्येक चौकटीत अधिक, उणे, शून्य किंवा प्रश्नचिन्ह, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. पानभर पसरलेल्या चिन्हांमुळे तपासणी काटेकोर झाल्याचा भास होतो. पण रोजगाराच्या उद्दिष्टापुढे दोन अधिक आणि पाण्याच्या उद्दिष्टापुढे दोन उणे असतील, तर वाचणाऱ्याच्या मनात नकळत बेरीज होते आणि हिशेब जुळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पाण्याची तूट रोजगाराने भरून निघत नाही. काही मर्यादा अशा असतात की त्या ओलांडल्यावर बाकीचे सगळे लाभही धोक्यात येतात, आणि अशा मर्यादांना इतर चौकटींसारखी एक चौकट देणे ही पद्धतीतीलच चूक आहे.

केंब्रिज परिसरात हा प्रश्न फार ठळकपणे पुढे आला आहे. त्या भागाला पिण्याचे पाणी जवळपास पूर्णपणे चॉकच्या (मऊ, सच्छिद्र चुनखडीच्या) खडकातील भूजलातून मिळते, आणि त्याच भूजलावर जगात दुर्मीळ मानले जाणारे तिथले ओढे आणि लहान नद्या जगतात. २०२० ते २०४१ या काळासाठी तिथे पन्नास हजारांहून अधिक घरांची गरज मांडली गेली. मात्र २०२३ च्या सुरुवातीला स्थानिक नियोजन संस्थांनाच सांगावे लागले की एवढ्या वाढीला शाश्वत रीतीने पाणी मिळेल याची खात्री देता येत नाही. त्याच सुमारास एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण यंत्रणेने तिथल्या अनेक मोठ्या गृहप्रकल्पांवर पाण्याच्या कारणावरून हरकत घेतली. केंब्रिजच्या उत्तरेकडील फेन्स या सखल भागात मोठा नवा जलाशय नियोजित आहे, पण त्याचे पाणी २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी मिळण्याची चिन्हे नाहीत. म्हणजे वाढ कधी होणार आणि पाणी कधी येणार, या दोन वेळापत्रकांचा मेळ हाच तिथला शाश्वततेचा गाभा आहे. अधिक-उण्याच्या तक्त्यात काळाला जागाच नसते, त्यामुळे नेमकी हीच गोष्ट त्यातून निसटते. उपशाची मर्यादा किती, सध्याचा उपसा किती आणि प्रत्येक टप्प्यावर मागणी किती वाढेल, असा साधा वर्षवार हिशेब अहवालात असेल, तर तो तक्त्याच्या पन्नास पानांपेक्षा अधिक सांगून जातो.

भविष्याचा अंदाज एकच धरण्याची सवयही मला खटकते. लोकसंख्या आणि रोजगार यांच्या एकाच भाकितावर सगळा आराखडा तपासला जातो. ते भाकीत चुकले, दुष्काळ वारंवार पडू लागले किंवा प्रदेशातील प्रमुख उद्योग मंदावला, तर आराखड्यातील कोणते निर्णय टिकतील आणि कोणते अंगाशी येतील, याची चाचणी फार थोड्या अहवालांत आढळते. वीस वर्षांच्या आराखड्याला ही चाचणी अत्यावश्यक आहे.

सल्लागाराच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याचा आराखडा तपासायचा तोच शुल्क देतो, आणि पुढचे कामही बहुधा त्याच्याकडूनच मिळायचे असते. नेदरलँड्समध्ये पर्यावरणीय अहवालांची गुणवत्ता तपासण्यासाठी स्वतंत्र आयोग आहे आणि त्याचे अभिप्राय जाहीर होतात. ही व्यवस्था मला पटते, कारण तिथे अहवाल लिहिणाऱ्याला आपले काम त्याच विषयातील जाणकार उघडपणे तपासणार आहेत याची जाणीव असते. जिथे असा आयोग नाही, तिथे नियोजन संस्थेने निदान अहवालाचे परीक्षण आराखड्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून करून घ्यावे.

आराखडा मंजूर झाल्यानंतरचे संनियंत्रण, म्हणजे प्रत्यक्ष परिणामांवर लक्ष ठेवणे, हा सेवेतील उपेक्षित भाग आहे. निर्देशाच्या दहाव्या कलमात ते बंधनकारक असूनही अहवालांत त्यासाठी केवळ निर्देशकांची, म्हणजे मोजायच्या बाबींची, एक लांब यादी येते. माहिती कोण गोळा करणार, कोणती पातळी ओलांडल्यावर काय करायचे आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे मात्र सहसा सापडत नाही. इंग्लंडमध्ये तर जुलै २०१० मध्ये नव्या सरकारने प्रादेशिक आराखडे रद्द केल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली. त्यानंतर आराखडे मागे घेण्याच्या परिणामांचेही पर्यावरणीय मूल्यमापन झाले, आणि २०१३ पर्यंत आठही प्रदेशांचे आराखडे, काही मोजकी धोरणे वगळता, मागे घेतले गेले. ज्या मूल्यमापनांनी वीस वर्षांच्या परिणामांचा विचार केला होता, त्यांचे अंदाज खरे ठरले की खोटे, हे पाहण्याची जबाबदारी ज्या प्रादेशिक पातळीची होती, ती पातळीच नाहीशी झाली.

एवढे दोष सांगूनही ही सेवा घ्यावी असेच मी म्हणेन, पण आराखड्याचा पहिला मसुदा लिहिण्यापूर्वी, आणि अटी नीट ठरवून. करारातच असे नमूद असावे की पर्याय ठरवताना सल्लागार उपस्थित राहील, पाणी, पूर आणि हवेची गुणवत्ता यांच्या न ओलांडण्याच्या मर्यादा आकड्यांत दिल्या जातील, आणि सल्लागाराची जी सूचना स्वीकारली नाही तिचे कारण लेखी जाहीर होईल. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण मूल्यमापनाचा निष्कर्ष नियोजन संस्थेवर बंधनकारक नसतो. तिने तो विचारात घ्यावा एवढेच कायदा सांगतो. इंग्लंडमध्ये २०२३ च्या नव्या कायद्याने या जुन्या पद्धतीच्या जागी पर्यावरणीय फलनिष्पत्तीचे अहवाल आणण्याची तरतूद केली आहे, आणि त्यात आधी ठरवलेल्या फलितांशी आराखडा ताडून पाहणे अपेक्षित आहे. ती फलिते मोजता येतील अशी आणि प्रदेशाच्या मर्यादांना धरून ठरवली, तर अधिक-उण्याच्या तक्त्यांची सद्दी संपू शकेल; मात्र अहवाल आटोपशीर करण्याच्या भरात पर्यायांची तुलना त्यातून वगळली जाऊ नये, यासाठी नागरिकांनी त्या नियमांच्या मसुद्यांवर आत्ताच हरकती नोंदवायला हव्यात.