तण ओळखणारे मोबाइल अ‍ॅप : गाजरगवताच्या कसोटीवर

फोटोवरून तण ओळखून मराठीत सल्ला देणारे एक मोफत अ‍ॅप मी या खरिपात रावेर तालुक्यातील आमच्या वावरात वापरून पाहिले. कपाशी आणि केळीची बाग यांच्यामधल्या बांधावर गाजरगवत दरवर्षी माजते, म्हणून परीक्षा त्याचीच घेतली.

फुलावर आलेले गाजरगवत अ‍ॅपने अचूक ओळखले. पण पांढरी फुले लागल्यावर ते गावात कोणीही ओळखते. खरी गरज त्याआधी, पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असताना आणि खोड वर निघालेले नसताना असते. त्या अवस्थेत अ‍ॅप त्याला कधी गाजर, तर कधी शेवंती ठरवते. हा दोष किरकोळ नाही, कारण उगवणीनंतर साधारण महिनाभरात हे झाड फुलू लागते, एकेक झाड 15,000 ते 25,000 बिया देऊ शकते आणि निंदणीला उशीर झाला की बी वावरातच झडते. गाजराचे पान बारीक तंतूंसारखे चिरलेले असते. गाजरगवताचे पान त्याहून रुंद भागांत कातरलेले, फिकट हिरवे आणि लवदार असते.

नुकसानीची माहिती मात्र उत्तम आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे अमेरिकी तण पार्थेनिनसारख्या द्रव्यांनी शेजारच्या बियांची उगवण रोखते, निंदणाऱ्या बायांच्या हातांना खाज आणि चट्टे आणते, जनावरांनी खाल्ल्यास दूध कडवट होते, आणि कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाला बांधावर आसरा मिळतो, हे सारे त्यात सोप्या भाषेत दिले आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप फवारणीच्या सल्ल्याला आहे. शेजारी कोणते पीक आहे, हे न विचारताच अ‍ॅप बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक फवारायला सांगते. या औषधाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी लांबट, बोटाळ होतात आणि पाते-फुले गळतात. शिवाय गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याला, ज्याला 1984 मध्ये बंगळूरला याच कामासाठी सोडण्यात आले, अ‍ॅप कीड ठरवून कीटकनाशक सुचवते.

फुलावर आलेल्या तणाची ओळख पटवण्यासाठी आणि माहितीसाठी अ‍ॅप जरूर ठेवावे. औषध मात्र कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्यावे. बांधावरचे गाजरगवत फुलण्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे कपाशीच्या पट्ट्यात अधिक सुरक्षित आहे.