लातुरातलं नवं स्वयंपाकघर : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

काम गुढीपाडव्याच्या तोंडावर संपलं, आता दिवाळीही होऊन गेली. टंचाईचा उन्हाळा, चिलटांचा पावसाळा आणि फराळाचं तळण, तिन्ही या ओट्यावर निघालं. आता लिहायला हरकत नाही.

आधी उंचीचं बोलते. शोरूममध्ये जिथं बघावं तिथं ओटा 34 इंच. चिरायला, फोडणी द्यायला तो बराच आहे. पण आमच्याकडे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी. परात उंचावर असली की थापताना खांदे वर चढतात, तळव्याचा जोर पडत नाही आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणून खिडकीकडचा अडीच फुटांचा तुकडा 29 इंचांवर घ्यायला लावला. मिस्त्री म्हणाला, "ताई, लाइन तुटते, शो जातो." सासूबाईंनी तिथंच निकाल लावला, "पाहुणे भाकरी खायला येतेत, ओटा बघायला नाही." सगळ्या कामातला हा तुकडा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. आणखी एक फायदा निघाला, तो कुणी सांगितला नव्हता. मधल्या पायरीमुळे सांडलेलं पीठ शेगडीखाली जात नाही. ओल्या फडक्यानं एकदा ओढलं की झालं.

ओट्याखाली लाकडाचा सांगाडा नको, हे पहिल्यापासून पक्कं होतं. आमच्या भागात वाळवी आहे आणि सिंकखाली कधी ना कधी पाणी गळतंच. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतो, पाणी लागलं की फुगतो. प्लायच घ्यायचा तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. नुसतं 'वॉटरप्रूफ आहे' या बोलण्यावर जाऊ नका. आम्ही उभे कप्पे कडप्प्याचे केले, प्लाय फक्त दारांना. श्रावणात सिंकचा पाइप सुटला, खालचा कप्पा भरला. पुसला आणि विषय संपला. तोटे आहेतच. आत अंधार असतो, आणि सांधे नीट भरून घेतले नाहीत तर झुरळांची सोय होते.

वरचा दगड मात्र ग्रॅनाइट. कडप्पा चुनखडीचा, लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की डाग धरतो. डिझायनरला पांढरा क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड, हवा होता. त्यात राळ असते, गरम कढई थेट टेकवता येत नाही, आणि हळदीचं तर बोलायलाच नको. ज्या घरात काळा मसाला वर्षाचा होतो तिथं पांढरा ओटा कशाला?

डिझायनरला भिंतसुद्धा पाडायची होती, 'ओपन किचन' म्हणून. घर जुनं, स्लॅबचा भार भिंतींवरच. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली त्यांच्यासमोर असं बोलूही नये. सासरे एवढंच म्हणाले, "भिंतीला हात लावायचा नाही." भिंत राहिली, आणि मिरच्या भाजतानाचा ठसका हॉलमध्ये जायचाही वाचला.

पाण्याचं इथं वेगळं सांगायला नको. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. नळ आला की भरून ठेवायची सवय मोडत नाही. मॉड्युलरच्या नकाशात पिंपाला जागाच नसते. सिंकच्या डाव्या हाताला दोन फूट खालून-वरून मोकळं सोडायला लावलं, तिथं पिंप आणि वर माठ. सिंक साधं 304 स्टीलचं. बहिणीकडं काळं आहे, बोअरच्या पाण्यानं त्यावर पांढरा थर दिसतो आणि ती दिवसभर पुसत बसते. थर आमच्याकडेही धरतो, पण नजरेत येत नाही. नळाची जाळी मात्र अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये टाकावी लागते, नाहीतर धार वाकडी होते.

काम चालू असतानाचे हाल थोडक्यात सांगते. शेगडी हॉलमध्ये, भांडी मागच्या दारी, टाइल कापायच्या मशीनचा धुराळा बंद कपाटातल्या साड्यांपर्यंत. प्लास्टर आणि कोब्यावर पाणी मारायला टँकर घ्यावा लागला; तो खर्च कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतो, मार्चमध्ये काम काढणाऱ्यांनी धरून चालावं.

ट्रॉल्यांना मी दहापैकी सहा देईन. चमचे, डबे, ताटल्यांना छान. तेलाचा 15 किलोचा डबा ठेवायची ट्रॉली पहिल्या दोन महिन्यांतच बसली. दुकानदाराला फोन केला की "वहिनी, उद्या माणूस पाठवतो." तो उद्या गणपती उठल्यावर उजाडला. आता तिथं जाड चॅनल आहे आणि ठीक चाललंय. सालाची ज्वारी मात्र कुठल्याच ट्रॉलीत मावत नाही. ती जिन्याखाली पत्र्याच्या कोठीतच आहे, आणि तिथंच राहणार.

चिमणीवर माझं मत अजून बसलं नाही. तळणाचा वास नक्की कमी झाला. पण वर पंखा चालू असला की धूर फाटतो, चिमणीकडं जात नाही; आणि मे महिन्यात 42 अंशांत पंखा बंद करून भाकऱ्या कोण थापणार? त्यामुळं अख्खा मे ती बंदच होती. कुणी विचारलं तर मी सांगते, आधी भिंतीत मोठा एक्झॉस्ट बसवा, उन्हाळा काढा, मग चिमणीचं बघा.